कोंबडीचं अंडं अडतं तेव्हा

मे महिन्यातली दुपार होती. सगळ्या कोंबड्या आंब्याच्या सावलीत माती उकरून, पंख सैल सोडून पडल्या होत्या. पिंगळी एकटीच उभी होती, तीही खुराड्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून. मान आखडलेली, पिसं फुगलेली, शेपटी जमिनीकडे झुकलेली आणि ती शेपटी श्वासागणिक खालीवर होत होती. सकाळपासून ती अंड्याच्या पाटीत तीनदा जाऊन बसली होती आणि तिन्ही वेळा पाटी रिकामीच होती. ज्वारीचा आवाज आला की सगळ्यात आधी धावणारी ही कोंबडी. पण पुढ्यात दाणे टाकले तरी तिने चोच लावली नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल. शेजारच्या काकूंनी तिला अलगद उचललं, पोटाखाली हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, ऊन नाही लागलेलं. अडलीय ही."

गाय अडते, म्हैस अडते, तशी कोंबडीही अडते. तयार झालेलं अंडं बाहेर यायच्या वाटेवर थांबतं आणि कोंबडी जोर लावूनही ते निघत नाही. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते. बहुतेक जण अशा वेळी दोन गोष्टी करतात. एक तर "होईल बरी" म्हणून सोडून देतात, नाहीतर घाबरून अंडं ओढायला, पोट दाबायला जातात. दोन्हींत कोंबडी जाते. आत नेमकं काय चाललंय हे कळलं की काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आपोआप उलगडतं. म्हणून आधी थोडं आतलं.

कोंबडीला अंडाशय जन्मतः दोन असतात, पण वाढतो आणि काम करतो तो फक्त डावा. तिथे द्राक्षाच्या घडासारखे लहानमोठे बलक लटकलेले असतात. एक बलक पिकला की सुटतो आणि एका लांब, वेटोळ्या नळीत शिरतो. अंडी घालणाऱ्या कोंबडीत ही अंडनलिका सरळ केली तर जवळजवळ पाऊण मीटर भरेल. नळीच्या तोंडाशी बलक पाव-अर्धा तास असतो आणि कोंबडा फिरलेला असेल तर अंडं फळतं ते इथेच. पुढच्या भागात सुमारे तीन तास बलकाभोवती पांढरा गर चढतो. त्यापुढे तासा-सव्वा तासात पातळ पापुद्रे चढतात. उकडलेलं अंडं सोलताना नखाला लागतो तोच पापुद्रा. आणि मग अंडं पोचतं कवचाच्या पिशवीत. इथे ते सर्वांत जास्त वेळ, सुमारे वीस तास थांबतं. सगळा प्रवास मिळून २४ ते २६ तासांचा. म्हणूनच कोंबडी रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा अंडं घालते आणि मधेच एखादा दिवस खाडा करते.

कवच बनतं ते कॅल्शियम कार्बोनेटचं. एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन ग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण कवच घट्ट होत असताना ती पिशवी कोंबडीच्या रक्तातून तासाला १०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम खेचत असते आणि रक्तात एका वेळी असतं त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शाइतकंच. म्हणजे रक्तातला साठा तासाभरात अनेकदा रिता होतो आणि पुन्हा भरावा लागतो. हे भरणं कुठून होतं? दिवसा खाण्यातून. पण कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं, तेव्हा कोंबडी दांडीवर झोपलेली असते. त्या वेळेसाठी निसर्गाने तिच्या पायांच्या पोकळ हाडांत एक खास साठा करून ठेवलेला असतो. अंड्यावर येण्याआधी तलंगेच्या, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबडीच्या, हाडांच्या आत जाळीसारखं जादा हाड तयार होतं आणि पुढे रोज रात्री त्यातून उचल होते. खाण्यातून भरपाई झाली नाही तर कोंबडी मग स्वतःचं खरं हाडही झिजवते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा सकाळी पाटीतलं अंडं उचलताना थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं.

आता यातली खरी गोम. कॅल्शियम फक्त कवचाला लागत नाही. अंडं बाहेर ढकलायचं काम नळीच्या भिंतीतले स्नायू करतात आणि कुठलाही स्नायू आवळायला कॅल्शियम लागतंच. रक्तातलं कॅल्शियम कवचात गेलं, मागून भरणा आला नाही, तर ऐन ढकलायच्या वेळी स्नायू ढिले पडतात. अंडं नेहमीच्या मापाचं असतं, वाटही मोकळी असते, पण ढकलणारं बळच नसतं. अडलेल्या कोंबड्यांपैकी पुष्कळांची गोष्ट ही असते. म्हणून उपाय करताना बाहेरून अंडं ओढण्याचा विचार डोक्यातून काढायचा. आपल्याला करायचं आहे ते एवढंच, की ढकलायची ताकद तिच्या अंगात परत यावी.

कॅल्शियम कमी असेल तर आणखी एक त्रास होतो. कवच पातळ पडतं किंवा नुसत्या पापुद्र्याचं, मऊ अंडं तयार होतं. मऊ अंडं सहज निसटेल असं वाटतं, पण होतं उलटंच. टणक अंड्याला स्नायू मागून रेटू शकतात. पाणी भरलेल्या पिशवीसारख्या अंड्यावर त्यांची पकडच बसत नाही.

परसातल्या कोंबडीला कॅल्शियम कमी का पडतं, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. उरलेला भात, पोळीचे तुकडे, ज्वारी, तांदळाची कणी हा तिचा नेहमीचा आहार. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम, ज्वारीत २५-३० मिलिग्रॅम. नाचणी कॅल्शियमसाठी नावाजलेली, तिच्यातही १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅमच. कोंबडी दिवसाला खाते १०० ते १२० ग्रॅम. म्हणजे नुसती नाचणी खाल्ली तरी एका कवचाचा पाव हिस्साही भरत नाही. शिवाय खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, ते वेगळंच. गावठी कोंबडी पंधरा-वीस अंडी घालून खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, मग कित्येक आठवडे तिला विश्रांती मिळते, उकिरड्यावर किडे-गोगलगायी वेचून ती आपलं भागवते. पण गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, ऱ्होड आयलंड रेड अशा सुधारित जाती बराच काळ न थांबता अंडी देतात. गावठी कोंबडीसारखं ठेवायचं आणि सुधारित कोंबडीसारखी अंडी मागायची, हा व्यवहार तिच्या हाडांतून वसूल होतो.

उन्हाळ्याचाही यात हात असतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकून अंग गार ठेवते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा तोल बदलतो आणि कवचाला व स्नायूंना वापरता येईल असं कॅल्शियम आणखी कमी होतं. त्यातच उकाड्याने ती खाते कमी आणि पाणी आटलं तर अंगही कोरडं पडतं. मे महिन्यात अंड्यांची कवचं पातळ का होतात आणि पिंगळी मे महिन्यातच का अडली, ते असं.

बाकी कारणं थोडक्यात सांगते. पहिलटकरीण तलंग, विशेषतः बल्ब लावून किंवा भारी खाद्य देऊन लवकर अंड्यावर आणलेली, तिची शेपटीखालची हाडं अजून पुरती फाकलेली नसतात. दोन बलकांचं मोठं अंडं अडतं. भात-पोळीवर लठ्ठ झालेल्या कोंबडीच्या पोटात चरबीमुळे वाट अरुंद होते. म्हाताऱ्या कोंबडीचे स्नायू थकलेले असतात. अंडनलिकेला पूर्वी सूज किंवा संसर्ग होऊन गेला असेल तर नळीत व्रण राहतात. अंगात जंत जास्त असतील तर खाल्लेलं लागत नाही. आणि बसायला आडोशाची, शांत पाटी नसेल, कुत्रं किंवा दुसऱ्या कोंबड्या सतत उठवत असतील, तर कोंबडी अंडं मुद्दाम रोखून धरते. असं रोखता रोखता ते अडतं.

अडलीय की दुसरंच काही?

इथे घाई करू नये, कारण मान आखडून बसलेली कोंबडी दहा आजारांत तशीच दिसते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो खुडूक कोंबडीबाबत. खुडूकही तासन्तास पाटीत बसते, पिसं फुगवते, खाणं कमी करते. पण तिच्याजवळ हात नेला की ती फिस्कारते, टोचते, डोळे लखलखीत असतात, आणि दिवसातून एकदा उठून भली मोठी, घाण वासाची शीट टाकून, दाणापाणी करून परत जाऊन बसते. अडलेल्या कोंबडीत हा तोरा नसतो. ती पाटीत जाते, उठते, पुन्हा जाते. डोळे अर्धवट मिटलेले. उभी राहते ती पेंग्विनसारखी, छाती वर आणि बूड खाली. चालली तर पाय फाकवून चालते; अंड्याचा दाब पायाच्या मज्जातंतूवर पडला तर एका पायाने लंगडते. शीट होत नाही किंवा नुसतं पांढरं पाणी पडतं, कारण शी आणि अंडं यांचं शेवटचं दार एकच आहे. तुरा फिका पडतो.

मान वाकडी होणं, हिरवट पातळ हगवण, एकामागून एक कोंबड्या पडणं, हे दिसलं तर तो मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय असतो, अडण्याचा नव्हे. आणि खुराड्यातल्या अनेक कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर कुणालाही हात न लावता थेट पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला होता, हे विसरून चालत नाही. अडणं हे एकट्या कोंबडीचं दुखणं आहे.

आणखी एक दुखणं अगदी अडल्यासारखंच दिसतं. कधी बलक नळीत न शिरता पोटातच पडतो. असं पुन्हा पुन्हा झालं की पोटात संसर्ग होतो, पाणी साचतं. अशा कोंबडीचं पोट पाण्याच्या फुग्यासारखं लागतं आणि ती बरेच दिवस, कधी आठवडे, अंडं न देता खंगत जाते. अडलेल्या कोंबडीची तऱ्हा वेगळी: काल-परवापर्यंत ती धडधाकट होती आणि आज अचानक अशी झाली.

खात्री करायची रीत खेड्यापाड्यांतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आज कुठली कोंबडी अंडं देणार हे बघायला त्या सकाळीच कोंबडी काखेत धरून चाचपतात. तेच करायचं. कोंबडीचं तोंड आपल्या पाठीमागे येईल अशी ती काखेत धरा, पंख दाबून. आधी शेपटीखालची दोन टोकदार हाडं बोटांनी शोधा. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या या हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावतात. एकच बोट मावत असेल तर बहुधा ती अंड्यावरच नाही, दुखणं दुसरं आहे; पहिलटकरीण तलंग मात्र याला अपवाद असू शकते. मग हाडांखाली पोटावर तळहात नुसता टेकवा. अडलेलं अंडं बहुतेक वेळा टणक गोळ्यासारखं लागतं. नाहीच कळलं तर नख कापलेल्या, हातमोजा घातलेल्या बोटाला वंगणाची जेली किंवा खोबरेल लावून गुदद्वारातून सरळ आत, दोन पेरांपर्यंत हळूच नेऊन बघता येतं. अंडं तिथे असेल तर कठीण, गोल भिंत लागते. जोर जराही लावायचा नाही. काही लागलं नाही तर अंडं बरंच वर आहे किंवा नाहीच आहे. तेव्हा अजून आत शोधत बसू नये.

घरी काय करायचं

कोंबडी शुद्धीवर असेल, मान धरून असेल, तर घरी काही तास प्रयत्न करायला हरकत नाही. पाय टाकता येत नाहीत, सावलीत गारव्याला असूनही तोंड उघडून श्वास घेते, तुरा निळसर-जांभळा झालाय, गुदद्वारातून लाल मांस बाहेर आलंय किंवा रक्त येतंय, यातलं काहीही असेल तर घरचा उपाय नको, सरळ डॉक्टर.

पहिलं काम, तिला इतर कोंबड्यांपासून वेगळी करणं. बाकीच्या टोचतात आणि सुजलेल्या लाल बुडावर तर हमखास टोचतात.

मग शेक. एका पसरट टबात कोमट पाणी घ्या. बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपर बुडवून बघतात तसंच बघायचं, उबदार लागलं पाहिजे, चटका नको. स्वयंपाकाचं भांडं यासाठी वापरू नका; कोंबडीच्या शीटेत माणसाला जुलाब करणारे जंतू असू शकतात, आणि नंतर हात साबणाने धुवायचेच. कोंबडीला पाण्यात अशी बसवा की पोट आणि बूड बुडेल, छाती आणि डोकं वर राहील. पहिली दोन मिनिटं ती फडफडते. पंखांवर हात ठेवून हळू बोलत राहिलं की शांत होते. पिंगळीने तर पाचव्या मिनिटाला डोळे मिटून मान माझ्या मनगटावर टाकली. पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी गार होत आलं की थोडं गरम मिसळा, मात्र ते तिच्या अंगावर ओतू नका. उबेने आवळलेले स्नायू सुटतात, वेदना कमी होते, आतलं अस्तर थोडं सैल पडतं. काही कोंबड्या टबातच अंडं घालतात.

बाहेर काढल्यावर टॉवेलने नीट टिपून कोरडी करा. ओली कोंबडी हिवाळ्यात गारठते आणि अशक्त असेल तर त्या गारठ्यानेच जाते. गुदद्वाराच्या कडेला आणि किंचित आत जेली किंवा खोबरेल लावा. नंतर जाळीच्या खोक्यात, खाली मऊ कापड किंवा गवत, वरून कापड टाकून अंधार, जवळ पाणी, आणि तासभर तिला एकटं सोडा. सारखं उघडून बघायचा मोह होतो. प्रत्येक वेळी बघितल्यावर ती दचकून अंग आवळते.

उबेबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी. थंड देशांतल्या सल्ल्यांत अशा कोंबडीला दिव्याखाली ठेवायला सांगतात. डिसेंबरात नाशिकला किंवा महाबळेश्वरला ते बरोबर आहे, खोक्यात साधारण २७ ते ३० अंश ऊब हवी. पण विदर्भात-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बल्ब लावला तर अंड्याआधी उष्माघातच तिला नेईल. उन्हाळ्यात शेक फक्त टबापुरता. नंतर घरातली थंड, हवेशीर, अंधारी जागा.

शेकाबरोबरच कॅल्शियम. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात कोंबड्यांसाठीचं पातळ कॅल्शियम, बहुधा ड जीवनसत्त्वासह, मिळतं. दुकानदाराला कोंबडीचं वजन सांगा, बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि डॉक्टरांना फोन लागत असेल तर त्यांना विचारूनच द्या. द्यायची पद्धत महत्त्वाची आहे. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड उघडं असतं. मान वर करून घशात ओतलं तर औषध थेट फुप्फुसात जातं. त्यापेक्षा ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः चाटून गिळते, मग पुढचा थेंब. काकूंनी पिंगळीला असंच दिलं. एका चमच्याला दहा मिनिटं लागली, पण एक थेंब घशात चुकला नाही. मान टाकलेल्या कोंबडीला मात्र तोंडाने काहीच द्यायचं नाही.

शेक, अंधार, विश्रांती हे दोन-तीन वेळा, मधे तास-दोन तास जाऊ देऊन करता येतं. सकाळी लक्षात आलं तर संध्याकाळपर्यंत, संध्याकाळी लक्षात आलं तर फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत. त्यापलीकडे वाट पाहू नका. शी अडलेली असते, अंड्याचा दाब शिरांवर आणि मूत्रपिंडावर असतो, कोंबडी खात-पीत नसते. एक-दोन दिवसांत ती हातची जाऊ शकते.

काय करायचं नाही

पोट दाबून अंडं पुढे सरकवायचं नाही. आतली नळी ताणलेली, सुजलेली असते. ती फाटते किंवा अंड्यासकट उलटून बाहेर येते. तसंही अंडं घालताना नळीचं शेवटचं टोक थोडं उलटून बाहेर येतंच, म्हणून तर अंडं शी न लागता स्वच्छ बाहेर पडतं. ते आपोआप आत जातं. जोर लावून बाहेर आलेलं मात्र बाहेरच राहतं आणि दुसरी कोंबडी ते टोचून आतडंसुद्धा ओढते.

अंडं आत फोडायचं नाही. लोक सुई किंवा बोटाने फोडायला सांगतात. कवचाचे तुकडे काचेसारखे धारदार असतात, ते नळी चिरतात आणि आत राहिलेला तुकडा कुजतो. डॉक्टर हेच काम अगदी शेवटचा मार्ग म्हणून करतात, पण ते सिरिंजने आतला बलक-गर शोषून घेतात, कवच अलगद मिटवतात आणि तुकडे बाहेर काढतात. त्याला नजर आणि सराव लागतो.

एरंडेल किंवा गोडं तेल पाजायचं नाही. ते आतड्यात जातं. अंड्याची नळी वेगळी, ती आतड्याला शेवटच्या दाराशीच मिळते. पाजलेलं तेल अंड्यापर्यंत पोचतच नाही, उलट श्वासनळीत जायची भीती. पानाचा चुना भरवायचा नाही, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. आणि गोठ्यात कुणी पान्हा सोडवायला वापरतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कोंबडीला टोचायचं नाही. अंडं खरंच अडसराने थांबलेलं असेल आणि मागून स्नायू जबरदस्तीने आवळले, तर नळी फुटते. रक्तातलं कॅल्शियम भरून, वाट मोकळी आहे हे पाहून, मोजून द्यायचं औषध आहे ते, आणि ते डॉक्टरांचं काम.

डॉक्टर कुठे? तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडीही बघतात, संकोच करू नका. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या जवळ राहत असाल तर तिथे जनावरांचं रुग्णालय असतं. जाताना तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: शेवटचं अंडं कधी घातलं, काय खायला देता, आणि घरी काय-काय उपाय केले. "चारशे रुपयांची कोंबडी, कापून टाका ना," असं कुणीतरी म्हणेलच. ज्याचा त्याचा निर्णय. पण औषध टोचलेली कोंबडी आणि तिची अंडी, डॉक्टर सांगतील तितके दिवस खायची नसतात, हे मात्र सगळ्यांना लागू आहे.

अंडं निघाल्यावर

ते उचलून नीट बघा. अख्खं आहे का, कवच खरखरीत, पातळ, सुरकुतलेलं आहे का? फुटलेलं निघालं तर तुकडे जुळवून पाहा. मोठा तुकडा कमी असेल तर तो आत आहे असं धरून डॉक्टरांना दाखवा. कोंबडीला बुडाची सूज उतरेपर्यंत, दिवसभर तरी, वेगळी ठेवा. बहुतेक कोंबड्या अंडं पडल्यावर अर्ध्या तासात पाणी पितात आणि एक भली मोठी शीट टाकतात. त्या क्षणी मिळणारा आनंद कोंबडी पाळणाऱ्यालाच कळेल.

पुढे पुन्हा असं होऊ नये म्हणून करायचं ते फार नाही, पण नेमाने करायचं आहे. अंड्यावर असलेल्या कोंबड्यांचं मुख्य खाद्य लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य, असावं, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. भात-पोळी वरखाऊ म्हणून मूठभर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम भरलेला ठेवा, विशेषतः दुपारनंतर, कारण कवच रात्री चढतं आणि पोटात राहिलेला जाडसर चुरा रात्रभर हळूहळू विरघळतो. कोकण-गोव्याकडे शिंपल्यांना तोटा नाही. इतरत्र कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतो. घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात: धुवायची, उन्हात वाळवायची, तव्यावर भाजायची आणि ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करायची, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडून खायची चटक लागते. चुरा खाद्यात कालवू नका. ज्या कोंबडीला गरज आहे ती बरोबर जाऊन खाते. पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा कॅल्शियम गेलं तर त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. सकाळचं ऊन अंगावर येऊ द्या, ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. तलंगांना बल्ब लावून लवकर अंड्यावर आणू नका. चार-पाच कोंबड्यांमागे एक आडोशाची पाटी ठेवा. उन्हाळ्यात मातीच्या भांड्यातलं पाणी दुपारी बदला.

एवढं करूनही एखादी पुन्हा पुन्हा अडत असेल तर तिच्या नळीतच दोष आहे. अशा कोंबडीची अंडी थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. तिच्याकडून अंड्याची अपेक्षा सोडून तिला नुसती राहू द्यावी, असं मला वाटतं.

पिंगळीला आम्ही त्या दिवशी दोनदा शेकलं. रात्री नऊच्या सुमारास खोक्यातून एक वेगळाच, घोगरा आवाज आला. कापड उचललं तर ती उभी होती आणि खाली अंडं पडलेलं होतं. एका बाजूने इतकं पातळ, की टॉर्चच्या उजेडात आतला बलक दिसत होता. ती वाटीतलं पाणी पीत होती, मान वर करून, घोटाघोटाने. पुढे पाच दिवस तिने अंडं घातलं नाही. सहाव्या दिवशीचं अंडं मी कानाजवळ धरून नखाने वाजवून पाहिलं. आवाज अजून मऊच होता. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाटी मात्र रोज संध्याकाळी सगळ्यात आधी तीच रिकामी करायला लागली होती.